सात नंबरचा ओ

केनवडात इंद्रभानला इंद्रभान म्हणणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकी गावाच्या लेखी तो 'हायका'. लहानपणी विहिरीत बादली सोडायच्या आधी तो काठावरून वाकून पाहायचा आणि विचारायचा, "पानी हाय का?" दुकानात गेला की पैसे मुठीत घट्ट धरून आधी, "तेल हाय का?" दुकानदार वैतागायचा, "नाही तं मी इथं कायले बसलो लेका?" तरी पोरगा 'हाय' ऐकल्याशिवाय मूठ सोडायचा नाही. अशा पोराला गाव नाव ठेवणार नाही तर काय करणार!

हे वेड आईकडून आलेलं. केशरबाई बौद्धवाड्यातली, नवरा जानराव लवकर वारला आणि दोन पोरं तिच्या पदरात टाकून गेला. ती निंदणाला, कापूस वेचायला बायांची टोळी घेऊन जायची. एका वर्षी तुरीच्या वावरातून टोळी घरी आली आणि दिवेलागणीला कळलं की रंगूबाई आलीच नाही. तुरीच्या दोन ओळींमधल्या तासात साप चावून पडली होती बिचारी, आणि प्रत्येकीला वाटलं होतं की ती दुसरीसोबत पुढे गेली असेल. त्या दिवसापासून केशरबाईनं रीत घातली. वावरातून निघताना ती एकेकीचं नाव घ्यायची आणि जिचं नाव तिनं 'ओ' द्यायचा. ओ आला नाही, तर केशरबाई पुढचं नाव घ्यायची नाही. आभाळ भरून येवो, वावरवाला ओरडो, बाई जागची हलणार नाही. बाया करवादायच्या, "असन वं कुठंतरी, पुढं घे ना." केशरबाई म्हणायची, "असन म्हंजे काय? हाय म्हन, नाही तं नाही म्हन." इंद्रभान तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ धरून उभा असायचा.

हाच पोरगा शिकत शिकत इंजिनियर झाला आणि हैदराबादला कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. कॉम्प्युटर म्हणजे काय हे केनवडात कुणाला कळायचं कारण नव्हतं. केशरबाई विचारणाऱ्याला सांगायची, "मोठं कपाट असते, अन् माहा पोरगा त्याच्या पोटात काय चालते ते पाह्यते." इतकं नेमकं तर कारखान्याच्या साहेबांनाही सांगता आलं नसतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्यांचं एक कपाट वर्धा नदीकडच्या एका कोळशाच्या खाणीवर बसवलं होतं. खाणीतल्या प्रत्येक गल्लीत वायू मोजणारं एक यंत्र होतं आणि त्याची तार वर कॉम्प्युटरपर्यंत आली होती. गल्लीत वायू वाढला की फळीवर त्या गल्लीचा दिवा लाल, एरवी हिरवा. आणि कॉम्प्युटरच बंद पडला तर भोंगा वाजवून सगळ्यांनी वर यायचं, असा खाणीचा कायदा. इंद्रभान ते बसवायला गेला तेव्हा त्यानं मॅनेजरजवळ शब्द टाकून धाकट्या भावाला, जगदेवला, तिथं चिकटवून दिलं. गावात त्याचं किती कौतुक झालं! भाऊ असावा तर असा, म्हणाले लोक.

पण कपाट सारखं कोसळायला लागलं. कारण साधं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळचा प्रोग्राम असतो. बाकी सारं त्याच्या जिवावर चालतं. कुठल्या यंत्राचा आकडा कॉम्प्युटरच्या आठवणीतल्या कुठल्या घरात ठेवलाय, त्या घराचा नंबर या प्रोग्रामाजवळ असतो. एखाद्या गल्लीची तार तुटली की घरच उरत नाही आणि नंबराच्या जागी शून्य येतं. प्रोग्राम मात्र न विचारता शून्य नंबरच्या घरात घुसायचा. तिथं त्याच्या स्वतःच्याच पहिल्या ओळी राहायच्या. त्यांच्यावर तो खरडून ठेवायचा आणि आडवा व्हायचा. मग भोंगा, मग सारी खाण वर. जितका वेळ माणसं वर, तितका रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कापला जायचा. जगदेवनं भावाला तोंडावर सांगितलं होतं, "दादा, तुमचं मशीन आमचा रोज खाऊन राह्यलं." ते इंद्रभानच्या फार जिव्हारी लागलं.

मूळचा प्रोग्राम लिहिणारे साहेब केव्हाच परदेशी गेले होते. दुरुस्ती केली बबनरावनं. हा अकोल्याकडचा पोरगा, इंद्रभानच्या हाताखालचा, हुशार आणि उतावळा. त्यानं प्रोग्रामात जागोजागी एक प्रश्न घातला: घराचा नंबर शून्य आहे का? असेल तर जाऊ नको, पुढच्या यंत्राकडे जा. कारखान्याचा नियम असा की एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं डोळ्यांत तेल घालून तपासायचं. दुसऱ्यानं 'ठीक' म्हटल्याशिवाय नवीन प्रोग्रामाची फीत यंत्रात जायची नाही. बबनराव फीत घेऊन खाणीवर जाऊन बसला. तपासायचं इंद्रभानकडे आलं. त्याला तर जगदेवच्या लग्नासाठी गावी यायचं होतं. मग काय, प्रोग्राम छापलेल्या हिरव्या पट्ट्यांच्या कागदांची ती लांबच लांब चळत पिशवीत घालून तो केनवडला आला.

लग्न सोमवारी. नवरदेव आदल्या दिवशी यायचा होता, तोवर खाणीवरच. दारात मांडव पडत होता, पाहुणे येऊन पडले होते, कडेच्या भोकांचा तो कागद पाहून पोरं पतंगासाठी मागत होती. इंद्रभान विहाराच्या ओट्यावर जाऊन पेन्सिल घेऊन बसला. जिथं जिथं प्रोग्राम घरात शिरतो, तिथं तिथं बबननं 'हाय का' विचारलंय का, एवढं तो पाहत गेला. इथं विचारलंय, बरोबर. इथंही विचारलंय, बरोबर. एकही जागा सुटली नव्हती. मनातून तो खूश झाला. आयुष्यभर लोकांनी ज्याच्यावरून चिडवलं, तेच आता यंत्रालाही शिकवलं होतं! शेवटची पानं त्यानं वाशीमजवळच्या मालेगावच्या बसची वाट पाहत फाट्यावर उभ्या उभ्या तपासली. शुक्रवारी संध्याकाळी मालेगावच्या पोस्टातून खाणीवर तार गेली: ठीक. फीत लावा.

शनिवारी सकाळी केशरबाई बायांना घेऊन पत्रावळींसाठी पळसाची पानं आणायला गेली होती. उन्हं तापायच्या आत टोळी परतली. गावाच्या शिवेवर गठुडी उतरवून केशरबाईनं सवयीनं नावं घ्यायला सुरुवात केली. इंद्रभान पाण्याची घागर घेऊन सामोरा गेला होता. दुर्गाबाई, ओ. ललिताबाई, ओ. पंचफुला. ओ नाही.

"पंचफुला!"

सगळ्या उभ्या. ऊन चढत होतं, मांडवात कामं पडली होती. कुणीतरी म्हणालं, "येऊन राह्यली असन मांगून, तू घे पुढचं." केशरबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आल्या वाटेनं परत चालायला लागली. जरा वेळानं पंचफुलेला खांद्याचा आधार देत घेऊन आली. पायात बोरीचा काटा खोल गेला होता आणि ती वाटेत बसून राहिली होती. बाया हसल्या. केशरबाईनं पुन्हा नाव घेतलं, पंचफुलेनं रडत रडत ओ दिला आणि मगच पुढचं नाव निघालं.

इंद्रभानच्या हातातली घागर निसटली. बबननं 'हाय का' विचारलं होतं, सगळीकडे विचारलं होतं. पण 'नाही' असं उत्तर आलं तर? तर प्रोग्राम गुपचूप पुढचं नाव घेणार होता. ना भोंगा, ना लाल दिवा. तुटलेल्या गल्लीचा दिवा जसा होता तसाच राहणार, हिरवा. आधी यंत्र कोसळायचं तेव्हा निदान माणसं वर तरी यायची. आता कुणीही येणार नव्हतं. आणि हे त्यानं तपासलं होतं, बरोबरच्या खुणा करून, त्यानं.

पुढची बस दुपारची. तो थेट पंजाबराव पाटलाच्या दारात गेला. गावात मोटारसायकल त्याचीच.

"पाटील, मले आत्ताच्या आत्ता मालेगावले पोचवा."

"काहून? काय झालं?"

"खाणीत जगदेव हाय. तिथलं मशीन सारं बरं हाय म्हून दाखवत असन."

"मंग बरंच हाय ना."

"बरं नसलं तरी तेच दाखवन, पाटील!"

"म्हंजे झालं काय?"

"मालूम नाही."

"काई खबर आली का?"

"नाही."

पंजाबरावानं डोकं खाजवलं. "काई झालं नाही, खबर आली नाही, मशीन बरं सांगते, अन् तू रडून राह्यला. हायका, लगन भावाचं हाय का तुहं?" पण इंद्रभानचं तोंड पाहून त्याची थट्टा तिथंच विरली. त्यानं गाडी काढली.

मालेगावच्या पोस्टात इंद्रभाननं आधी तार केली, फीत काढा, माणसं वर घ्या, आणि मग खाणीला अर्जंट कॉल लावायला सांगितला. पोस्टमास्तर म्हणाले, बसा. बसायचं म्हणजे काय, हे ज्यानं तसा कॉल लावलाय त्यालाच ठाऊक. अकोल्याची लाइन मिळाली तर पुढची मिळेना, पुढची मिळाली तर मागची सुटली. मास्तर जेवून आले, त्यांनी पान लावलं, इंद्रभान बाकावरून उठत होता आणि बसत होता. जगदेव पहिल्या पाळीला आहे की दुसऱ्या, तेही त्याला नक्की माहीत नव्हतं. दोन्हीकडून तो स्वतःला समजावत होता आणि दोन्हीकडून त्याला पटत नव्हतं. घंटी वाजली तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

पलीकडे बबनराव आनंदानं ओरडत होता; तार अजून पोचली नव्हती. "सर, कमाल झाली! सकाळपासून एकडाव बंद नाही पडलं. मॅनेजरनं पेढे मांगवले."

"बबन, दिवे कसे हायेत?"

"सारे हिरवे!"

"हिरवे किती ते नाही विचारत मी. आकडे कोन कोन पाठवून राह्यलं ते पाहा. एकेक तार पाहा. जाय!"

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. इंद्रभान कानाला तो काळा तुकडा दाबून उभा राहिला. मास्तरांनी वेळ संपल्याची खूण केली. त्यानं हात जोडले. मास्तरांनी मान फिरवली आणि लाइन तशीच राहू दिली.

बबनराव परत आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "सर... सात नंबर. सात नंबरचा आकडा येतच नाही. तार कधी तुटली ते कळत नाही. दिवा हिरवाच हाय."

"सात नंबरात कोन?"

"जगदेवची टोळी."

"वर काढ त्याइले! भोंगा वाजव! बबन, भोंगा..."

लाइन तुटली. मग मास्तरांनी किती खटपट केली तरी ती पुन्हा लागली नाही. पोस्ट बंद झालं. पंजाबराव म्हणाला, घरी चल. इंद्रभान म्हणाला, जगदेव सुट्टी घेऊन निघाला तर याच स्टँडवर उतरणार, मी इथंच थांबतो. पंजाबराव एकटाच परतला. रात्र स्टँडच्या फरशीवर गेली. ती कशी गेली हे कुणी त्याला विचारू नये आणि त्यानं कुणाला सांगू नये.

सकाळच्या पहिल्या गाडीतून केशरबाई उतरली. लग्नघर टाकून आली होती. पोरगा रात्री घरी नाही, पंजाबराव नीट सांगत नाही. तिच्या हिशेबी ओ आला नव्हता, म्हणून ती शोधायला आली. इंद्रभाननं तिला सगळं सांगितलं. तिनं 'असन बरा' म्हटलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि वाशीमकडून येणारी प्रत्येक गाडी पाहायला लागली. गाडी यायची, माणसं उतरायची, जगदेव नसायचा. केशरबाई दर वेळी उठून खिडक्यांपर्यंत जाऊन पाहून यायची.

दुपारी तो उतरला. हातात पत्र्याची पेटी, अंगावर कालचेच कपडे, पापण्यांत कोळसा. इंद्रभाननं त्याला मिठी मारली आणि भर स्टँडवर मोठ्यानं रडला. केशरबाईनं धाकट्याच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. जगदेव मात्र काठीसारखा ताठ उभा होता.

"दादा," तो म्हणाला, "प्रेमसिंग गेला."

प्रेमसिंग त्याचा जोडीदार, मंगरूळपीरच्या पुढच्या एका तांड्यावरचा. इंद्रभान त्याला एकदाच भेटला होता. जगदेवच्या लग्नात मी ढोल वाजवीन म्हणाला होता.

"भोंगा वाजला, आमी सारे वर आलो. प्रेमसिंगबी आलता वर. ओवरसियर कावला. मने, दिवा हिरवा हाय अन् कोन्या येड्याचा फोन आला म्हून खाण बंद? मशीन खरं का फोन खरा, जाऊन पाहून ये. त्यानं प्रेमसिंगले धाडलं, हातात कंदील देऊन. हिरवा दिवा पाहून तोबी गेला हासत. आला नाही. मंग दोघं गेले तोंडाले फडकं बांधून, त्यायनं वायूतून वढून आनला."

इंद्रभाननं 'ठीक' म्हटलं नसतं, तर दिवा हिरवा राहिला नसता. दिवा हिरवा नसता, तर प्रेमसिंगला कुणी खाली पाठवलं नसतं. ही साखळी त्याच्या डोक्यात फिरत राहिली आणि कुठून तोडावी ते सापडेना. स्टँडवर हे ऐकत उभा असलेला एक केनवडचा माणूस जवळ येऊन म्हणाला, "हायका, भावाले वाचवलं तू, लय पुन्याचं काम केलं." त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली इंद्रभानला.

केशरबाईनं विचारलं, "त्या पोराले माय हाय का?"

"हाय," जगदेव म्हणाला. "चंदाबाई. एकटीच राह्यते."

"तिले कोनं सांगतलं?"

जगदेव खाली पाहायला लागला. "साहेबानं मलेच सांगतलं होतं, तू तिकडचा, तू खबर दे म्हून. मी मंगरूळले उतरलो होतो, माय. घंटाभर बसलो दर्ग्यापाशी. मंग पुढच्या गाडीत बसून इकडं आलो. माह्यानं नाही झालं."

केशरबाई उठली. "चाला."

"माय, उद्या लगन हाय," इंद्रभान म्हणाला. म्हटल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली.

"लगनाचं नाव मंग घेऊ."

मंगरूळपीरला उतरून ते तांड्याकडे चालत गेले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. पुढे केशरबाई, मागे दोघे भाऊ. चंदाबाई झोपडीपुढे गाईला पाणी दाखवत होती. जगदेवला तिनं लांबूनच ओळखलं आणि तिचा चेहरा फुलला. बादली ठेवून, हात पुसत ती पुढे आली.

"नवरदेव आला बाप्पा! अन् सारे संगं? मले न्याले आले का लगनाले?" तिनं त्यांच्या मागच्या वाटेकडे पाहिलं. "दोन मयन्यांत चिठ्ठी नाही माह्या पोराची. मी मनलं, खबर नाही म्हंजे बराच असन. तो मांगं राह्यला का? हाय का तुमच्या संगं?"

जगदेवनं तोंड फिरवलं. केशरबाईनं थोरल्याकडे पाहिलं आणि वाट पाहत उभी राहिली. ओ आल्याशिवाय ती हलणार नव्हती, हे इंद्रभानला लहानपणापासून ठाऊक होतं.

"नाही, माय," इंद्रभान म्हणाला.